आप्पांच्या समासातले आकडे

मुलांनो, कॉलेजसाठी पुण्याला जायला मी मुरुम गाव सोडलं त्या सकाळी माझे वडील आप्पा, म्हणजे तुमचे पणजोबा, बँडच्या लाल कोटातच मला स्टँडवर पोचवायला आले. दुपारी लोहाऱ्याला त्यांना लग्नात वाजवायचं होतं. खांद्यावर लांब नळीचा ट्रॉम्बोन. कुणीतरी ओरडलं, "मास्तर, नळी आवरा, कंडक्टरचा डोळा जाईल!" सगळे हसले, आप्पाही. मग त्यांनी माझ्या मांडीवर तीन मळक्या वह्या ठेवल्या. "हे माझं न्हाय, माझ्या उस्तादांचं हाय. पुण्यात बसून नीट उतरून काढ."

निजामाच्या राज्यात आप्पा हैदराबादला फौजेच्या बँडमध्ये होते. तिथल्या गोव्याकडच्या वादकांकडून ते जॅझ शिकले; तेच त्यांचे उस्ताद. राज्य विलीन झालं, बँड मोडला. मुरुमात जॅझ कुणाला हवा होता? वरातीत त्यांनी जुनी चाल धरली की लोक म्हणत, "मास्तर, नाचायचं वाजवा की!" म्हणून कोण कुणाकडून शिकलं, कोणती चाल कुठून आली, ते सगळं आप्पांनी लिहून ठेवलं होतं.

मी बी.ए.ला होते आणि टापटिपीची फार. वसतिगृहात महिनोन्‌महिने बसून सुवाच्य प्रत केली. समासात एक ते सात आकड्यांच्या वेड्यावाकड्या रांगा होत्या. मला ती गिचमीड वाटली. मी ती गाळली आणि जुन्या वह्या रद्दीत दिल्या.

दिवाळीत आप्पा प्रत चाळत राहिले. "समासातले आकडे कुठं हायत गं?"

ट्रॉम्बोनची नळी सरकवायच्या सात जागा असतात. उस्तादांच्या चाली त्या आकड्यांतच होत्या.

"परत लिहा ना, आप्पा."

"यंदा पावसाळ्यात पुढचे दात गेले, बाळ. फुंकल्याबिगर हाताला आठवत न्हाय."

त्यांनी वही मिटली. "अक्षर मात्र लई सुरेख हाय."

त्यानंतर त्यांनी मला कधी काही लिहायला दिलं नाही.

अनघा, तुझं पत्र मिळालं. तिकडे परदेशात शाळेच्या बँडमध्ये तू ट्रॉम्बोन घेतलास आणि पणजोबांची एखादी चाल मागितलीस. माझ्याकडे चालींची नावं आहेत, उस्तादांची नावं आहेत. चाल एकही नाही. गाव कुठलं म्हणून विचारलं तर मी अजून मुरुमच सांगते, पण आप्पा गेल्यावर तिथं माझ्यासाठी स्टँडवर कुणी येत नाही. माझं मुरुम म्हणजे आता ही वही, आणि ती वाजत नाही.

ती तुला पाठवते आहे. तीत एकही खाडाखोड नाही.