पेल्याला लावलेली डिग्री

दुधात पाणी घालणारा माणूस मला तोंडावरून कळतो, असं मी छाती ठोकून सांगायचो. गावच्या दूध सोसायटीत दूध तपासून घ्यायचं काम माझ्याकडं होतं. दुष्काळाचं साल. गावात टँकर यायचा, घागरीवरून भांडणं व्हायची, आणि तरी केंद्रावर पातळ दूध यायचंच. मी डिग्रीची काच दुधात सोडायचो. तरंगली तर दूध खरं, खाली बसली तर पाणी. "प्यायला पाणी न्हाय आन् दुधात घालायला बरं मिळतं!" असं म्हणून चारचौघांत कॅन परत करायचो. लोक वचकून असायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

त्याच साली बायकोच्या पोटात गाठ निघाली. उमरग्याचे डॉक्टर म्हणाले, "आधी अंगात ताकद येऊ द्या, मग सोलापूरला ऑपरेशनचं बघू. आत्ता नेली तर झेपायचं नाही." ताकद म्हणजे दूध, हे मी माझं ठरवून टाकलं. म्हैस घरचीच होती. सकाळ-संध्याकाळ बायकोसाठी मोठा पेला भरून काढायचा आणि उरलेलं केंद्रावर न्यायचं.

तिचं करायला तिची आई बेंबळीहून येऊन राहिली होती. सासूला मी मामी म्हणायचो. म्हणायचो म्हणजे काय, आमच्यात बोलणं असं नव्हतंच. सासूनं जावयासमोर तोंड उघडायचं नाही, ही त्यांच्याकडची जुनी रीत. मी आलो की मामी पदर पुढं ओढून आत जायची. काही सांगायचं झालं तर लेकीला सांगायची, लेक मला.

घरात पाय टाकला की मी आधी विचारायचो, "दूध घेतलं का?"

"घेतलं की. सगळं," असं म्हणून बायको रिकामा पेला पालथा करून दाखवायची. मला लई बरं वाटायचं. पण महिना झाला तरी तिच्या अंगाला काही लागेना. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मग एवढं दूध जातंय कुठं?

संशय एकदा शिरला की शिरलाच. मी अवेळी घरी यायला लागलो. एकदा मामी झाकलेलं भांडं घेऊन परसात निघालेली दिसली. मला बघून दचकली आणि भांडं पदराखाली घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. परसाच्या भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचं घर, त्या घरात तान्हं लेकरू. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी काच खिशात घालून आलो. बायकोचा डोळा लागला होता. उशाशी दुधाचा पेला झाकून ठेवलेला, दूध निवलेलं. काच सोडली. टपकन तळाला बसली. निम्मं पाणी!

"मामी!" मी असा ओरडलो की बायको दचकून उठली. "पोटच्या लेकीच्या तोंडचं दूध कुणाच्या घशात घालताय? लाज वाटत न्हाय?"

मामी दाराआड उभी होती. पदरातून हूं नाही की चूं नाही. खरी असती तर बोलली असती, असं मी धरून चाललो. "उद्याच्या एसटीनं बेंबळीला जावा," म्हणालो. बायको हात हलवत होती, "अवं, ऐका तरी," म्हणत होती. मी ऐकलं नाही. सकाळी मामीनं लेकीची वेणी घातली आणि ती गेली.

त्या दिवशी मी केंद्रावर गेलो नाही. घट्ट दूध बायकोला स्वतःच्या हातानं पाजलं. ती माझ्याकडं बघत बघत सगळं प्याली आणि थोड्याच वेळात सगळं माझ्या मांडीवर ओकली. आई गेली म्हणून जिवाला लावून घेतलं असेल, असं मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाजलं, पुन्हा तेच.

"रोज असंच व्हतंय," ती म्हणाली. "निम्मं पाणी घातलं तर घोटभर टिकतं, न्हायतर तेबी न्हाय. आई भांडं धरायची आन् परसात नेऊन टाकायची."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"रिकामा पेला बघून तुमी किती खूश व्हायचा. ताकद येती म्हणायचा. म्याच आईला शपथ घातली व्हती."

मी तोंडावर हात घेऊन रडलो. माणूस म्हणवून घ्यायची लाज वाटली.

सकाळी शेजारणीला तिच्याजवळ बसवलं आणि दोन एसट्या बदलून बेंबळी गाठली. मामी उंबऱ्यात बसली होती. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. "चुकलं माझं. चला."

मामीनं पदर मागं सारला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघून बोलली, "तिच्या पोटात काय टिकलं का, जावईबापू?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती तशीच उठली आणि माझ्याबरोबर निघाली.

त्यानंतर दुधात पाणी मामी घालायची, भांडं मी धरायचो. सोलापूरचं नाव कुणी काढलं नाही. बायको अकरा दिवस राहिली आणि गेली. ते अकराही दिवस तिची आई तिच्याजवळ होती. मिळायचे होते चौदा. त्यातले तीन मी खाल्ले.