सीताफळं पिकली, वीज आली नाही

आष्टीच्या बाहेर, रस्त्याला लागून मी आणि माझ्या धाकट्या जावेनं सीताफळाचा गर काढायचा कारखाना टाकला. कारखाना म्हणजे पत्र्याचं शेड, एक यंत्र आणि एक मोठा फ्रीजर. डोंगरातली फळं पाट्या भरून बाहेर जायची; गर इथंच काढला तर गावातल्या बायांना काम मिळेल, असं आमचं म्हणणं. सगळं झालं, फक्त वीज आली नव्हती.

वायरमन भेटला की म्हणायचा, "उद्या होतंय ताई. खांब आलाय, तार यायची हाय."

फळं मात्र आली. आली तेव्हा कडक होती. मला एका जागी बसवेना. फळ दाबून बघायचं, रस्त्यावर येऊन खांबाकडं बघायचं, पुन्हा आत. दुसऱ्या सकाळी शेडात शिरताच गोड वास आला; फळं पिकायला लागली होती.

"हातानं काढू," जाऊ म्हणाली. "बाया तर आल्यात."

बाया भराभर बिया वेगळ्या करू लागल्या. पण गर ठेवायचा कुठं? उघड्यावर तो काळा पडतो. जाऊ स्कूटीवर गावात गेली आणि एका आइस्क्रीमवाल्यालाच घेऊन आली. उन्हाळा सरला की त्याचे फ्रीजर रिकामे असायचे. त्यानं बोटभर गर चाखला.

"ठिवा की माझ्याकडं. चांगलं झालं तर मीच घेईन."

मला हायसं वाटलं, तेवढ्यात दारात ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, माणसं. ऊसतोडीची टोळी निघाली होती. आमच्यातली सगळ्यात चपळ बाई उठून हात धुवायला लागली.

"अहो, आता कुठं काम सुरू झालंय," मी म्हणाले. "थांबा ना."

"मुकादमाला शब्द दिलाय. मी न्हाई गेले तर नवऱ्याबरोबर तोडायला कोण? तुमी आधी कावून न्हाई सुरू केलं?"

ओले हात पदराला पुसत ती ट्रॉलीत चढली.

वीज आली तेव्हा झाडांवर एकही फळ नव्हतं. गर मात्र आइस्क्रीमवाल्यानं सगळा घेतला आणि पुढच्या वर्षीही हवा म्हणाला. जावेचं तेवढ्यानं समाधान झालं. माझं झालं नाही. टोळी परत आल्यावर, पुढच्या ऊसतोडीची बोलणी सुरू व्हायच्या आधीच मी त्या बाईच्या घरी गेले.

"काम किती दिवस चालंल?" तिनं विचारलं.

"सीताफळं आहेत तोवर."

"आन् मग?"

परत येताना सगळ्या वाटेत तेच डोक्यात. घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आतच मी जावेला विचारलं, "या यंत्रात अजून काय घालता येईल गं?"