न आटणारं रेंदांग

रोहाया गेली तेव्हा मशिदीच्या दारावर तिच्या नावाचा कागद लागला आणि ऑस्ट्रेलियातल्या आमच्या अर्ध्या कॅटॅनिंग गावानं एकमेकांना विचारलं, "ही रोहाया कोण?" जिच्या हातचं बीफ, नारळाच्या दुधात आटवलेलं रेंदांग, खाल्ल्याशिवाय आमच्यात कुणाचं लग्न लागलं नाही, त्या बाईचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. यात दोष कुणाचा नाही. आम्हा कोकोस बेटावरच्या लोकांत रीतच तशी आहे. पहिलं मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव संपतं. मुलगा ताहिर, तर आई मक ताहिर आणि बाप पक ताहिर. पुढं घरभर पोरं झाली तरी नाव पहिल्याचंच. मग पहिलं नातवंड झालं की हेही नाव सुटतं आणि बाई नेक होते, म्हणजे त्या नातवंडाची आजी. मला मूल झालं नाही, म्हणून माझं नाव माझ्यापाशी राहिलं. इदा. आज शेंबडी पोरंसुद्धा मला इदा म्हणतात, पुढं मावशी लावायची शुद्ध कुणालाच नसते.

रोहाया आणि मी एकाच खेपेला बेटावरून इथं आलो. बेटावर समुद्र, मासे, कोंबड्या आणि नारळ. गाय नव्हतीच. गाईचं मांस आम्हाला डब्यातलं ठाऊक, तेही बोट आली तर. इथं उलटं झालं. चारी दिशांना गहू आणि मेंढरं, मांस हवं तेवढं, पण नारळाचं झाड औषधालासुद्धा नाही. पहिल्यांदा खाटकाच्या दुकानात टांगलेली बैलाची तंगडी बघून रोहाया म्हणाली, "बाई गं, याचं रेंदांग करायचं तर आख्खं बेट सोलावं लागेल." तेव्हा तिचं नवं लग्न झालेलं होतं आणि सगळे तिला रोहायाच म्हणत.

नारळाचं दूध डब्यातनं घ्यायला ती शिकली. आधी तोंड वाकडं केलं, मग त्याच डब्याच्या दुधात असं काही रेंदांग करायला लागली की बेटावरच्या म्हाताऱ्यांनी बोटं चाटली. ती खांद्याचं किंवा नळीचं मांस घ्यायची. मऊ, महागडं मांस नको म्हणायची, "ते लाडावलेलं असतं, तासाभरात रडायला लागतं." लाल मिरच्या, कांदा, लसूण, आलं पाट्यावर वाटायची. गवती चहाचे देठ ठेचून टाकायची, लिंबाची पानं, दालचिनी, चक्रीफूल. वरून दूध. मग मंद आचेवर ढवळत बसायचं. आधी पातळ रस्सा असतो, मग घट्ट, मग दूध आटून तेल सुटतं आणि त्याच तेलात मांस पुन्हा परततं. शेवटी भाजून वाटलेलं खोबरं. काळपट, कोरडं, चमकणारं झालं की रेंदांग झालं. अर्ध्यात उतरवलं तर ती नुसती आमटी, असं तिचं म्हणणं. दवाखान्यातल्या मद्रासी डॉक्टरीणबाईकडून ती मिरी नि कढीपत्त्यातलं सुकं बीफ शिकली, चिनी शेजारणीकडून सोया सॉसमधलं. पण लग्नकार्याला रेंदांगच.

तिचा पहिला मुलगा ताहिर हे रेंदांग पांढऱ्या पावात घालून फुटबॉलच्या मैदानावर न्यायचा. गोरी पोरं त्याच्या डब्यावर तुटून पडत आणि हा उपाशी राही. घरी येऊन म्हणे, "आई, तुझ्यामुळं मी हरलो." उंच, मोठ्यानं हसणारा पोरगा. मागून झालेली शिमा मात्र गप्प. ती कोपऱ्यात लसूण सोलत बसे. ती तिथं आहे हे आम्हाला लसूण संपल्यावर कळे.

ताहिर बावीस वर्षांचा असताना पर्थहून गाडीनं घरी येत होता. गावाच्या अलीकडं, दिवेलागणीला, रस्त्यावर कांगारू आलं. त्यानं चाक वळवलं आणि गाडी झाडावर गेली. मी पुढचं सांगत नाही.

दफन झालं, आणि मग बायकांपुढं प्रश्न पडला की हिला आता हाक कशी मारायची. ते नाव ऐकून हिच्या जिवाला काय होईल? खाटिकखान्यात आम्ही दोघी मांस बांधायच्या कामावर होतो. ती कामावर परत आली त्या दिवशी जो तो "अगं", "हे बघ" असं करत होता. जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा आपटला. "काय गं बायांनो, जिभा गळाल्या का तुमच्या? मला नाव नाही का?"

शेवटी मीच म्हटलं, "मक ताहिर, मीठ दे इकडं."

"हां," ती म्हणाली आणि मीठ सरकवलं. तोंडावर समाधान होतं.

तेव्हापासून तिचं जगणं त्या हाकेवर चालू राहिलं. दुकानात मक ताहिर, मशिदीत मक ताहिर. तिचा नवरा उस्मान तर मुलाबद्दल चकार शब्द काढत नसे. फोटोसुद्धा त्यानं भिंतीवरून काढून ठेवला. पण दिवसातून दहादा म्हणायचा, "मक ताहिर, चहा टाक." "मक ताहिर, माझा चष्मा कुठंय?" मला एकदा ती म्हणाली होती, "याच्या तोंडून पोराचं नाव एवढंच येतं गं. म्हणून मी मुद्दाम चष्मा लपवते." आणि हसली. मला ते हसणं सोसलं नाही.

शिमा पर्थला नर्स झाली, तिथंच तिनं लग्न केलं. काही वर्षांनी तिला दिवस गेले. आम्ही सगळ्या नाचलो. मक ताहिरनं बातमी ऐकली आणि कांदा चिरत राहिली.

"अगं, आजी होणार तू!" मी म्हटलं.

"हो ना."

"मग तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

तिनं सुरी खाली ठेवली. "इदा, मी नेक झाले की ताहिरचं नाव कोण घेईल?"

पहिल्यांदाच मला माझ्या बिनमुलाच्या नावाचं बरं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली.

मुलगी झाली. शिमानं फोन केला तेव्हा मी तिथंच बसले होते. फोनचा आवाज मोठा असायचा, म्हणून सगळं ऐकू आलं. शिमा म्हणत होती, "आई, मी विचार केलाय. हिचं नाव ताहिरा ठेवते. म्हणजे तू नेक ताहिरा होशील. जवळपास तेच."

"नको."

"का गं?"

"जवळपास नको. हाक मारली की ती पोरगी धावत येईल. मग माझा ताहिर कुठं जाईल? त्याचं नाव त्याचं राहू दे."

मग शिमा म्हणाली, "बरं. इल्हाम ठेवते." आणि फोन बंद झाला.

बाळाचे केस काढायचा कार्यक्रम आजोळी करायचा ठरला. त्या दिवशी इमाम बाळाचं नाव सगळ्यांसमोर घेतो, दुवा मागतो, मग जेवण होतं, आणि जेवण वाढतानाच बायका आजीला पहिल्यांदा नव्या नावानं हाक मारतात. जेवण आजीच्याच हातचं. म्हणजे रेंदांग तयार होईपर्यंत काही पुढं सरकत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही होतं.

पहाटे तिनं परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये शेगडीवर काहील चढवली. मी खोबरं भाजायला बसले. बाहेर गवतावर दव गोठलं होतं, तरी काहिलीजवळ घाम फुटत होता. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. दूध आटत आलं, कडेनं तेल दिसायला लागलं. मी भाजलेल्या खोबऱ्याचं ताट पुढं केलं. तिनं ते बघितलं, हात लांबवला, आणि खोबऱ्याऐवजी दुधाचा एक डबा फोडून काहिलीत ओतला.

"हे काय गं?"

"कोरडं पडलं असतं."

कोरडं करायचंच तर असतं! पण कामाची गडबड होती. तासाभरानं पुन्हा तेल सुटलं, आणि तिनं पुन्हा डबा ओतला. बाहेर माणसं जमली. अंगणात खुर्च्या लागल्या, पुरुषांचे घसे खाकरून झाले, इमामानं दोनदा घड्याळ बघितलं. उस्मान दाराशी आला.

"मक ताहिर, किती वेळ?"

"अहो, अजून ओलं आहे."

"मघाशीही ओलंच होतं."

"मग चुलीला विचारा!"

तो गेला. जाता जाता रिकाम्या डब्यांच्या ढिगाकडं त्यानं पाहिलं. मांस आता एवढं शिजलं होतं की डाव लागला की तुकड्याचे धागे होत होते. मी तिचा हात धरला. "पुरे कर. अशानं खीर होईल याची."

"होऊ दे खीर. इदा, तेल सुटलं की संपलं गं सगळं." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचंही सुचत नव्हतं. एका हातात डाव, दुसऱ्यात नवा डबा.

तेवढ्यात शिमा बाळाला घेऊन आत आली. तिनं आईच्या हातातला डबा बघितला. ती आमच्यातच वाढलेली, तिला सांगावं लागलं नाही. मला वाटलं आता भांडण होणार. पण ती पाटावर खाली बसली, लहानपणी लसूण सोलायला बसायची तशी.

"आई," ती म्हणाली, "मी तुझीच आहे ना गं?"

"हे काय विचारणं झालं?"

"नाही, विचारते. मला जन्मभर तुला मक ताहिर म्हणून मारलेल्या हाका ऐकू आल्या. दादा होता तेव्हा, गेला तेव्हाही. मक शिमा असं तुला कुणी एकदासुद्धा म्हटलं नाही. मी कधी तक्रार केली नाही, रीतच आहे. पण आता माझ्या पोरीच्या नावानं तरी तुला हाक मारू दे. माझ्याकडून तुला मिळेल असं तेवढंच आहे."

मक ताहिरनं मान वळवून मुलीकडं बघितलं. इतक्या वर्षांत तिनं शिमाकडं असं कधी बघितलं नव्हतं. मग डबा तसाच, न फोडता, खाली ठेवला. आच मोठी केली आणि दोन्ही हातांनी डाव धरून ढवळायला लागली. तेल सुटलं. मी खोबरं घातलं. रेंदांग काळं झालं, पण तुकडा असा एकही उरला नव्हता, सगळे दोरेच.

इमामानं नाव घेतलं, दुवा झाली. जेवताना एक म्हातारा म्हणाला, "वा, आज दात नसलेल्यांची सोय केलीय!" सगळे हसले, पुन्हा पुन्हा मागून जेवले. "नेक इल्हाम, भात आण." "नेक इल्हाम, इकडं वाढ." पहिल्या दोन हाकांना तिनं मान वर केली नाही. मुद्दाम नव्हे, तिला ती आपली वाटलीच नाही. तिसऱ्या हाकेला शिमानं तिच्या कोपराला हात लावला, तेव्हा ती "ओ" म्हणाली आणि भात घेऊन गेली. बाळाला मांडीवर घेतलं, त्याच्या टकलावर ओठ टेकले. त्यात खोटं काही नव्हतं.

दुपार कलली, लोक गेले. आम्ही दोघी परसातल्या नळावर काहील घासत होतो. उस्मान रडणारं बाळ घेऊन आला.

"नेक इल्हाम, हिला घे बघू, माझ्याकडं राहत नाही."

अगदी सहज म्हणाला. शिमा दुखावू नये म्हणून त्यानं आठवडाभर मनात घोकलं असणार. तिनं हात धुतले, बाळाला खांद्यावर थोपटून गप्प केलं आणि शिमाकडं देऊन आली. मग पुन्हा काहील घासायला लागली.

"ऐकलंस? चुकलासुद्धा नाही," ती म्हणाली.

"रीत आहे गं."

"रीत आहे." नळ बंद करून ती उभी राहिली. "इदा, घरी जाताना फाटकातून एकदा हाक मार मला. मोठ्यानं. कालपर्यंत मारायचीस तशी."

"आज? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, इदा म्हातारी झाली, विसरली. तुझं काय जातं?"

मी फाटकाशी गेले. ओसरीत उस्मान बसला होता, खिडकीत शिमा बाळाला घेऊन उभी होती. मी हाक मारली. "मक ताहिर!"

उस्माननं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. शिमा खिडकीतून हलली नाही. घरामागून काही आवाज आला नाही, म्हणून मी आणखी मोठ्यानं ओरडले, "अगं ए मक ताहिर!"

"आले गं, आले!" घरामागून ती म्हणाली. आवाज पूर्वीचा होता, कामात असलेल्या, पोरं घरात असलेल्या बाईचा. ती आली नाही. मी फाटक धरून उभी राहिले. ओसरीत उस्मान तोंडावर दोन्ही हात घेऊन, हळू आवाजात, मुलाचं नाव एकट्यानंच घेत होता. मी फाटक लावून घेतलं आणि घरी गेले.