मिसेस टॉफ्टींच्या वर्गाची बातमी

मार्लिस टॉफ्टी पहिलीला शिकवायची आणि मी शेजारच्या वर्गात दुसरीला. मधली भिंत पातळ, त्यामुळे तिच्याकडे काय चाललंय ते मला न विचारताच कळायचं. नेब्रास्कातल्या आमच्या लहानशा गावात निम्म्या लोकांनी अक्षरं तिच्याच हाताखाली गिरवली होती.

सकाळी मुलं गालिच्यावर बसली की ती विचारायची, "आज काय बातमी?" कुणाचा दात पडलेला असायचा, कुणाच्या गाईला वासरू झालेलं असायचं. मुलं सांगतील ते ती फळ्यावर लिहायची, पदरचा शब्द घालायची नाही. मग सगळी मिळून ते वाचायची. शुक्रवारी त्याच बातम्यांचा कागद घरी जायचा. पोराला स्वतःचं बोलणं वाचायचा कंटाळा येत नाही, असं तिचं म्हणणं.

त्या वर्षी ब्रिन क्लासन नावाची मुलगी मात्र काही केल्या वाचेना. चित्र बघून अंदाजानं काहीतरी ठोकून द्यायची, आणि अडली की बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसायची. मार्लिसनं तिच्याकडून वाळूत अक्षरं गिरवून घेतली, कणकेची अक्षरं करून घेतली, जेवणाच्या सुट्टीत तिला जवळ घेऊन बसली. शेवटी तिनं हात टेकले होते.

वसंतात वर्गात विजेच्या पेटीत कोंबडीची अंडी उबवायला ठेवली. मुलं रोज पेटीवरचं तापमान बघायची, अंड्यांची चित्रं काढायची, अंधार करून अंड्यामागे टॉर्च धरायची. आतल्या लाल रेषा आणि हलणारा ठिपका ब्रिनलाच पहिल्यांदा दिसला. तेव्हापासून ती पेटीपासून हलेना.

पिल्लं बाहेर यायच्या सुमारासच ईस्टरची सुट्टी आली. सुट्टीत शाळेतले सगळे प्लग काढायचे, असा वरून हुकूम होता. मार्लिसनं प्लगवर चिठ्ठी चिकटवली आणि मुख्याध्यापक ड्रेस्लर यांना दोनदा जाऊन सांगितलं, एवढा एक प्लग काढू नका. ते हो म्हणाले. पण नेहमीचा सफाईवाला रजेवर होता, आणि बदलीच्या माणसाला सांगायचं ड्रेस्लर विसरले. त्यानं हुकुमाप्रमाणे सगळे प्लग उपटले.

मंगळवारी सकाळी मार्लिसनं पेटीला हात लावला तर ती गार. मी तिथंच होते. तिनं खाली पडलेला प्लग उचलून बघितला.

ड्रेस्लरनी उपाय तयारच ठेवला होता. दुपारपर्यंत दुकानातून पिल्लं आणू, मुलं खूश होतील. मार्लिस म्हणाली, "तीन आठवडे मी त्यांना नीट बघा, खरं तेच सांगा म्हणतेय. आता मीच त्यांना फसवू?"

तिनं मुलांना खरं सांगितलं. भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं. थोड्या वेळानं प्रश्न सुरू झाले, आणि मग तिनं नेहमीसारखी बातमी विचारली. फळ्यावर लिहिलं गेलं ते असं: आमची अंडी मेली. पेटी बंद झाली. मिस्टर ड्रेस्लर सांगायला विसरले. आम्ही त्यांना कुंपणापाशी पुरणार आहोत.

"मिस्टर ड्रेस्लरना?" मी मधल्या सुट्टीत विचारलं.

"अंड्यांना," ती म्हणाली. हसायची तिला ताकद नव्हती.

पण त्याच सकाळी, कुणी न सांगता, ब्रिन उठली होती. एकेका शब्दाखाली बोट ठेवत तिनं ती चारही वाक्यं वाचली. 'विसरले'पाशी थांबली, परत मागे गेली आणि बरोबर वाचलं. ती वाक्यं कागदावर उतरवून मार्लिस तशीच ऑफिसात गेली. तिला ही गोष्ट कुणाला तरी सांगायची होती.

ड्रेस्लरनी ऐकून घेतलं नाही. आधी तिसऱ्या वाक्याचं बोला, म्हणाले. ते काढा, नाहीतर कागद घरी जाणार नाही.

"ते माझं वाक्य नाही. मुलांचं आहे."

"मुलं सहा वर्षांची आहेत, मार्लिस. तुम्ही नाही आहात."

शुक्रवारी कागद ऑफिसातून छापून आला. वर पिवळ्या पिल्लाचं हसरं चित्र, खाली 'या वेळी अंडी उबली नाहीत, पण आम्ही खूप मजा केली!' मुलं दप्तरं भरत होती. ब्रिननं कागद हातात घेतला, सावकाश वाचला आणि मार्लिसला विचारलं, "मिसेस टॉफ्टी, ही कुठल्या वर्गाची बातमी आहे?"



पुढचा आठवडा फोनांचा गेला. एवढ्याशा पोरांना मरणाच्या गोष्टी कशाला सांगता, असं बऱ्याच आयांचं म्हणणं होतं. ब्रिनच्या आईचाही फोन आला, पोर रात्री झोपत नाही म्हणून. मार्लिसनं तिला ब्रिन वाचायला लागल्याचं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "ते ठीक आहे हो, पण कोंबड्यांचं काय?"

जूनमध्ये मार्लिसला चौथीचा वर्ग दिला, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. कारण विचारलं तर 'अनुभवाची तिथं गरज आहे' म्हणाले. ती भांडली, लेखी अर्ज केला, काही झालं नाही. "सगळ्यांनी मला पिल्लांचं विचारलं," ती खोकी भरताना म्हणाली, "पोरगी वाचायला लागली कशी, हे एकानं विचारलं नाही गं."

ब्रिन आता माझ्या वर्गात आहे. हळू वाचते, पण वाचते. पहिलीला नवी बाई आली आहे, मनानं चांगली आहे. तिच्या वर्गाची बातमी ऑफिसातूनच येते, आणि सकाळी भिंतीपलीकडून आता गाण्यांची टेप ऐकू येते.