बर्फावर पट्टा काढायचा

एंडेलची नवी गाडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हाच ती माझ्या डोक्यात गेली. छोटी एसयूव्ही, रंग ओल्या राखेचा, पुढून रागावलेलं तोंड. आमच्या वोर्म्सी बेटावर गाड्या दुरुस्त करणारा मी एकटाच, त्यामुळे इथली प्रत्येक गाडी आज ना उद्या माझ्या दारात येते. बहुतेकींशी माझं जमतं. हिच्याशी जमणार नव्हतं, कारण हिच्यासाठी एंडेलने जी जुनी गाडी सोडली ती बावीस वर्षं मी जगवली होती.

जुनी तपासणीत नापास झाली. खालून गंजून तिची चाळण झाली होती, खोटं कशाला बोलू. मग एंडेलची मुलगी मेरिके राजधानीतून, टालिनहून, ही नवी घेऊन आली.

"बाबा, ही तुझी काळजी घेईल," ती म्हणाली.

एंडेलने गाडीभोवती एक चक्कर मारली. "एकाहत्तर वर्षं मी स्वतःची काळजी घेतली, हे हिला सांगितलंय का कोणी?"

खरं तर त्याने आम्हा सगळ्यांचीच काळजी घेतली होती. समुद्र गोठला की बेटापासून मुख्य भूमीपर्यंत दहा किलोमीटरचा बर्फाचा रस्ता आखला जातो, आणि त्या रस्त्याचा पहारेकरी तीस वर्षं एंडेल होता. पहाटे उठून भोकं पाडायची, बर्फाची जाडी मोजायची, दोन्ही कडांना जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या रोवायच्या आणि मग आडव्या दांड्याशी उभं राहून प्रत्येक गाडीत डोकं घालायचं. "सीटचा पट्टा काढ. दाराचं कुलूप उघड. मध्ये थांबायचं नाही." कोणी हसलं तर हा खिडकीतून हात घालून स्वतःच पट्टा सोडवायचा. नऊ वर्षांचा असताना त्याने शेजाऱ्याचा ट्रक बर्फातून खाली जाताना पाहिला होता. शेजारी आतून दार उघडायला धडपडत होता आणि हा काठावर उभा होता. त्याबद्दल तो आयुष्यात माझ्याशी एकदाच बोलला, सौनाच्या वाफेत बसलेलो असताना, आणि तेही भिंतीकडे बघत.

पलीकडच्या काठावर, जिथे बर्फ संपून डांबर लागतं, तिथे त्याने स्वतः रंगवलेली पाटी होती. आता पट्टा लाव, एवढंच तिच्यावर लिहिलेलं. ती अजून आहे.

नोकरी सुटून बरीच वर्षं झाली तरी त्याचं पलीकडे जाणं थांबलं नव्हतं. त्याची बायको माइमू मुख्य भूमीवर, हाप्सालूच्या वृद्धाश्रमात होती. तिची स्मृती गेली होती आणि ती त्याच्याशिवाय कोणाच्या हातून जेवत नव्हती. नर्सने चमचा पुढे केला की तोंड घट्ट मिटायची. एंडेल समोर बसला की आधी एकच प्रश्न विचारायची, "बर्फ कसा आहे?" अगदी जुलैमध्येसुद्धा. तो म्हणायचा, "धरून आहे." मग ती तोंड उघडायची. पहारेकऱ्याची बायको म्हणून तीस हिवाळे तिने रोज सकाळी हेच विचारलं असणार.

हिवाळ्यात फेरीबोट सकाळी एक आणि संध्याकाळी एक. म्हणजे एका जेवणासाठी अख्खा दिवस तिकडे, आणि इकडे त्याच्या मेंढ्या उपाशी. दोन वर्षं त्याने तेही केलं. एखाद्या दिवशी वादळाने बोट सुटली नाही तर माइमू त्या दिवशी पाण्यावर राहायची. तिच्या अंगावर तसंही काही उरलं नव्हतं, आणि डॉक्टरांनी मेरिकेला स्पष्ट सांगितलं होतं की असे दिवस फार झाले तर ती टिकणार नाही.

गाडी आली शरद ऋतूत. पहिल्या महिन्यातच एंडेलच्या तक्रारी सुरू झाल्या आणि त्या सगळ्या खऱ्या होत्या. गरम हवेचं बटण नाही, ते पडद्यावर. पडद्याला हातमोजा कळत नाही. ज्याने ही गाडी बनवली त्याने जन्मात कधी हातमोजे घातले नसावेत. सिग्नल नसलेल्या बेटावर जरा थांबलं की इंजिन आपोआप बंद. पंधराचा वेग झाला की चारही दारांना आपोआप कुलूप. रस्त्याच्या कडेला चाक गेलं की स्टिअरिंग हातातून ओढून घ्यायची. आणि सीटच्या पट्ट्याची खाच सीटमध्ये इतकी खोल गेलेली, की मेंढीच्या कातड्याचा जाड कोट घालून बसलेल्या माणसाला ती सापडायचीच नाही. एंडेल दरवेळी हातमोजा काढून, दोन बोटं खुपसून, शिव्या देत ती शोधायचा.

"सैतानाची अवलाद आहे," तो म्हणायचा. "थकलास, चहा पिऊन ये म्हणते मला. पडद्यावर कप दाखवते."

"मग पिऊन यायचा."

"माझ्याच घरासमोर उभा होतो रे."

मी पडद्यात शिरून दारांना आपोआप कुलूप लागणं बंद केलं, स्टिअरिंगची ओढ बंद केली, पुढे काही दिसलं की स्वतःहून लागणारा ब्रेक बंद केला. दुसऱ्या दिवशी गाडी चालू केली तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं. मी हात टेकले. त्याला कागदावर लिहून दिलं, कुठली पानं उघडायची आणि कुठे बोट लावायचं. तो कागद त्याने काचेवर चिकटवला.

मग जानेवारीत थंडी पडली. कित्येक हिवाळ्यांनंतर समुद्र पुरता गोठला आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला बर्फाचा रस्ता उघडला. आता माइमूकडे वीस-पंचवीस मिनिटांत पोचता येणार होतं. दुपारी जायचं, भरवायचं, अंधारापूर्वी परत. एंडेल दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "चल, बर्फ बघून येऊ."

दांड्याशी पिवळ्या कोटातला नवा पहारेकरी होता. त्याने खिडकीत डोकं घातलं. "पट्टे काढा."

"तू जन्मायच्या आधीपासून काढतोय," एंडेल म्हणाला.

आम्ही बर्फावर उतरलो आणि गाडी ओरडायला लागली. आधी हळू, मग जोरात, मग थांबायचं नावच नाही. पट्टा, पट्टा, पट्टा. एंडेलने खिडकी खाली केली. बर्फावर गाडी चालवताना तो नेहमी काच उघडी ठेवायचा, कारण बर्फ बोलतो आणि ते ऐकावं लागतं. लांब, खोल कण्हणं असेल तर हरकत नाही. कोरडा कडकडाट आला तर वेग वाढवून निघून जायचं. त्या दिवशी गाडीच्या ओरडण्यापुढे काहीच ऐकू येत नव्हतं.

चौथ्या किलोमीटरला वाऱ्याने उखडलेली जुनिपरची फांदी रस्त्यात पडली होती. एंडेल तिच्यावरून सरळ जाणार होता, पण गाडीला ती पसंत पडली नाही. तिने करकचून ब्रेक मारला. आम्ही थांबलो, आणि थांबताच इंजिनही बंद पडलं. समुद्राच्या मधोमध, खाली सतरा हात पाणी, जिथे थांबायचं नाही असं त्याने तीस वर्षं लोकांना बजावलं तिथे आम्ही उभे होतो आणि गाडी पट्ट्यासाठी बोंबलत होती. एंडेलचं तोंड पांढरं पडलं. निघताना तो कागदातली ब्रेकची ओळ विसरला होता.

"ऐकू येत नाहीये," तो म्हणाला. "वाल्डुर, मला काही ऐकू येत नाहीये."

मग त्याने पाय दाबला आणि आम्ही सुटलो. परत आल्यावर त्याने गाडी थेट माझ्या शेडमध्ये आणली. "हिचं तोंड बंद कर. माझ्याने रोज हे होणार नाही. आणि मी गेलो नाही तर ती जेवणार नाही."

त्याची जुनी गाडी माझ्या शेडमागे बर्फात पडलेली होती. मी तिचा पट्टा कापला, टोकाची चपटी पोलादी जीभ काढली, कानस मारून नव्या खाचेत बसेल अशी केली. ती आत सारली आणि गाडी गप्प झाली. तिला वाटलं माणसाने पट्टा लावलाय. मी स्वतःवर जाम खूश होतो.

"आता माणसात आली," एंडेल म्हणाला.

"बर्फावर आत, जमिनीवर बाहेर," मी म्हणालो.

"मला शिकवतोस?"

पुढे तीन आठवडे तो रोज गेला. मी शेडच्या दारातून ती राखाडी गाडी बर्फावर उतरताना बघायचो आणि ती परत येईपर्यंत माझं कामात लक्ष नसायचं. फेब्रुवारी संपत आला तशी ऊन-थंडी सुरू झाली. बर्फावर पाणी साचायचं, रात्री पुन्हा गोठायचं. रात्री काठावर उभं राहिलं की खालून कोणीतरी अवाढव्य कूस बदलतंय असा आवाज यायचा. दुकानात लोक दुसरं काही बोलत नव्हते.

त्याच सुमारास एका दुपारी दुकानासमोर त्याची गाडी उभी दिसली. मी सहज आत डोकावलो. जीभ खाचेत होती आणि पट्टा दाराशी लोंबत होता. जमिनीवर.

"अहो पहारेकरी साहेब," मी म्हणालो, "स्वतःचाच कायदा मोडलात."

"दुकानापर्यंत तर यायचं होतं." त्याने उजवा हात दाखवला. बोटांची टोकं फुटली होती. "ती काढायला हातमोजा काढावा लागतो. सीटमध्ये एवढी खोल घातलीय गाढवांनी. आणि हीही काही बोलत नाही, मग राहून जातं."

माझ्या मनात पाल चुकचुकली, हे खरं. हात घालून मी ती जीभ तिथल्या तिथे काढून खिशात टाकू शकलो असतो. पण मला काळजी बर्फाची होती. डांबराची काळजी कोण करतं? मी हसलो, तोही हसला आणि आम्ही आपापल्या वाटेने गेलो.

मार्चच्या चार तारखेला दक्षिणेचा वारा सुटला. संध्याकाळी रस्ता बंद करणार असं जाहीर झालं. मी दांड्यापाशी जाऊन एंडेलला अडवलं.

"आज नको. बर्फ रडतोय, तूच ऐक."

त्याने इंजिन बंद केलं, काच खाली केली आणि बराच वेळ ऐकलं. "अजून एक दिवस धरेल," तो म्हणाला. "उद्यापासून बोट आहेच. आज नाही गेलो तर तिला आज काही नाही." मग इंजिन चालू करून काचेवरचा कागद त्याने ओळीवर बोट ठेवून वाचला, पडद्यावर एकेक गोष्ट बंद केली. पट्टा काढलेला होता, जीभ खाचेत होती, कुलूप उघडं होतं. सगळं जसं हवं तसं. तो बर्फावर उतरला.

मी काठावर उभा राहिलो. गाडीच्या चाकांमागे पाण्याच्या दोन रेघा उठत होत्या. मग ती धुक्यात दिसेनाशी झाली. वीस मिनिटं मी घड्याळ बघत होतो. शेवटी पलीकडच्या पहारेकऱ्याला फोन लावला.

"राखाडी छोटी एसयूव्ही. चढली का वर?"

"आत्ताच चढली," तो म्हणाला. "हात करून गेला म्हातारा."

मी शेडमध्ये आलो. कॉफी केली, काळ्या पावावर लोणी लावलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर खाल्लं.

तासाभराने मेरिकेचा फोन आला. हाप्सालूच्या अलीकडे, जंगलातल्या वळणावर हरीण आडवं आलं होतं. एंडेलने ब्रेक दाबला, चाकं निसटली आणि गाडी चरात जाऊन एका कुशीवर पडली. वेग फार नव्हता. गाडीची एक काच तेवढी फुटली. गाडीनेच आपणहून फोन करून मदत बोलावली आणि अकरा मिनिटांत रुग्णवाहिका आली. एंडेल समोरच्या काचेवर आपटून पलीकडच्या दाराशी पडला होता. त्याची मान मोडली होती. माइमूसाठी नेलेला मागच्या सीटवरचा दुधाचा डबासुद्धा सांडला नव्हता, कारण त्याने तो पट्ट्याने बांधला होता.

अंत्यविधीनंतर मेरिके माझ्या शेडमध्ये आली. पोलिसांनी दिलेली प्लास्टिकची पिशवी तिने बाकावर रिकामी केली. किल्ली, चष्मा, काचेवरचा कागद आणि ती जीभ.

"हे कशाचं आहे?" तिने विचारलं. "गाडीच्या नोंदीत बाबांनी पट्टा लावलेला होता म्हणतात. आणि पट्टा तर लोंबत होता."

खोटं बोलता आलं असतं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं.

"जुन्या गाडीचं आहे," मी म्हणालो. "मी कापून दिलं. गाडी ओरडायची म्हणून."

तिने ती जीभ हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. कानशीचे ओरखडे अजून चकचकीत होते. "तो बुडू नये म्हणून?"

"हो."

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बाकावर बसली. मग म्हणाली, "आई चार दिवस जेवलेली नाही, वाल्डुर काका. माझ्याही हातून नाही. तू जाऊन बघतोस?"

मी दुसऱ्या सकाळच्या बोटीने गेलो. माइमू खिडकीशी बसली होती, हात मांडीवर, खुर्चीत जवळजवळ दिसेनाशी झालेली. नर्सने कुस्करलेल्या बटाट्याची वाटी माझ्या हातात दिली. मी एंडेलच्या खुर्चीत बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं, ओळखलं की नाही ते कळलं नाही.

"बर्फ कसा आहे?" तिने विचारलं.

खिडकीबाहेर खाडीत उघडं पाणी हलत होतं. मी चमचा भरून घेतला.

"धरून आहे," मी म्हणालो, आणि तिने तोंड उघडलं.