‘आमच्याकडचीच’

“नाना गेले,” दत्ता फोनवर म्हणाला, आणि मी विचारलं, “कोणाचे?”

सव्वा महिना झाला, पण तो प्रश्न माझ्या तोंडून कसा निघाला ते मला अजून कळत नाही. दत्ता म्हणाला, “आपले,” आणि फोन ठेवला. इथं जालन्यात माझ्या गॅसवर कुकर होता. मी गॅस बंद केला, परत लावला, परत बंद केला... किसननाना माझ्या आईचे दुसरे नवरे. दत्ता आणि भागवत ही त्यांच्या पहिल्या बायकोची मुलं. ती दोघं त्यांना नाना म्हणायची. मी मात्र इतक्या वर्षांत त्यांना काहीच म्हटलं नाही.

माझे वडील अंबडला वारले तेव्हा मी दुसरीत होते. चुलत्यांनी महिनाभरात तोंड फिरवलं, म्हणून आई मला घेऊन परतूरला मामाकडं आली आणि मोंढ्याच्या फाटकाशी शिलाई मशीन टाकून बसली. नाना त्याच मोंढ्यात मापाडी होते, धान्याची पोती तोलायचे. त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्या सदऱ्याची बटणं दर आठवड्याला तुटायची. मला वाटायचं, मोंढ्यात रोज मारामाऱ्या होत असतील. आई नंतर सांगायची, दोरा ब्लेडनं कापलेला आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. ती गुमान बटण लावून द्यायची, आणि मुद्दाम सैल लावायची. असं वर्षभर चाललं. शेवटी मामानंच एक दिवस नानांना ओसरीवर बसवून विचारलं, “बटणं किती दिवस तोडून राह्यले तुम्ही? पाट लावा की सरळ.” आमच्यात बाईचं दुसरं लग्न, म्हणजे पाट लावायची रीत आहे, त्यामुळं कुणाला फार नवल वाटलं नाही. मला वाटलं. पण मला कुणी विचारलं नाही.

दत्ता आणि मी एकाच वर्गात. घर एक, आडनावं दोन. बाईंनी विचारलं, “ही तुझी कोण रे?” दत्तानं बराच विचार करून सांगितलं, “आमच्यात राहती.” घरी येऊन मी त्याचं दप्तर न्हाणीत टाकलं. सुट्टीत ती दोघं आजोळी वाटूरला जायची, तर नाना मलाही पाठवायचे. तिथली आजी माझ्या डोक्याला तेल चोळत म्हणायची, “तू माझ्या लेकीच्या सवतीची लेक. मंग माझी कोण गं तू?” मला काय माहीत. तिलाही माहीत नव्हतं. पण तेल थापायला तिनं कधी हात आखडता घेतला नाही.

नानांना हाक मारायची वेळ आली की मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहायची, नाहीतर लांबूनच “आईनं बोलवलंय” म्हणायची. त्यांचंही तसंच होतं. बाजारात कुणी विचारलं, ही कोण, तर घसा खाकरून म्हणायचे, “ही... आमच्याकडचीच.” पोरगी म्हणायला या माणसाची जीभ का अडते, हे मला त्या वयात फार टोचायचं. वही, कपडे, चपला, सगळं तिघांना बराबर यायचं. शब्द मात्र येत नव्हता. आता वाटतं, मी तरी कुठं दिला होता?

माझं लग्न ठरलं तेव्हा मी मनाशी धरून होते की कन्यादानाला आई आणि नाना बसतील. तर नाना दोनदा एसटीनं अंबडला गेले आणि माझ्या चुलत्याला आणून पाटावर बसवलं. बारा वर्षांत ज्यानं मी जिवंत आहे की नाही विचारलं नव्हतं, त्या माणसाला. कुणी म्हणालं, पाटाच्या जोडप्यानं कन्यादान करत नसतात. कुणी म्हणालं, सख्ख्या रक्ताचा मान असतो. मी मान खाली घालून बसले आणि समजून चुकले की मी या घरात पाहुणी होते, पाहुणी गेली. दोन वर्षं मी त्यांच्याशी धड बोलले नाही. नंतर बोलायला लागले, पण विचारलं नाही ते नाहीच.

परवा परतूरला गेले तेव्हा आई दारात तांदूळ निवडत बसली होती. मी तिला विचारलं, “माझं कन्यादान त्यांनी का केलं नाही? मी त्यांची कोण होते?”

आईनं सूप खाली ठेवलं. “मी पण इचारलं व्हतं. म्हणले, दान केलेली वस्तू मंग आपली राहत न्हाई. ज्याला पोरीची किंमत न्हाई, त्याला देऊ दे. मी माझी पोरगी कशाला देऊ? मी बिलकुल देणार न्हाई.”

“आणि तू हे मला आज सांगतेस?”

“त्यांनी सांगू न्हाई दिलं. सासरी कळालं तर तुला बोल लागंल म्हणले. आन मला वाटलं, तुला कळालं असंल.”

कसं कळणार होतं? मला त्या दोघांचा इतका राग आला की रडूही येईना. मग हसू आलं, आणि आई माझ्याकडं बघतच राहिली. एवढं बोलायचं होतं तर माझ्याशी बोलायचं ना... का मीच कधी समोर नीट उभी राहिले नाही? अजून धड काही उमगत नाही.

दुपारच्या गाडीला दत्ता सोडायला आला. दर खेपेला नाना यायचे. माझी पिशवी हातात घेऊन खिडकीशी उभे राहायचे आणि गाडी हलल्याशिवाय ती आत द्यायचे नाहीत. मी चिडायची, माणूस धांदरट आहे म्हणायची. परवा मी जागा धरली आणि खिडकीतून हात बाहेर काढला. दत्ता पिशवी छातीशी धरून उभा होता.

“दे की जल्दी,” मी म्हटलं. “गाडी सुटंल.”

“देतो,” तो म्हणाला, आणि दिली नाही.