यंदा थंडी पडणार का, सर?

आमच्या पर्जन्यमापकात पाणी जमो न जमो, ऑफिसात किस्से मात्र बारमाही जमतात. नंदुरबारबाहेर, शेतांच्या मधोमध आमचा हवामान कक्ष. माणसं तीनच. आमचे बोरसे सर, रोज सकाळी तापमापक वाचणारा रायसिंग आणि संगणकावर बुलेटिन तयार करणारी मी. दिवाळी उरकली की वरून हिवाळ्याच्या तीन महिन्यांचा अंदाज येतो आणि आमचे फोन सुरू होतात. विचारणारे शंभर, प्रश्न एकच: "यंदा थंडी पडणार का, सर?"

सरांचं उत्तरही ठरलेलं. "शक्यता आहे."

आमच्या सरांनी उभ्या आयुष्यात ‘नक्की’ हा शब्द वापरलेला मी तरी ऐकला नव्हता. "आपण अंदाज देतो, शब्द देत नाही," असं ते म्हणायचे. आम्ही त्यावर हसायचो. पण हा माणूस खोटं बोलणार नाही, याचा आम्हाला फार आधार वाटायचा.

* * *

खापर गावच्या बाजारात कांतीभाईंचं कापडाचं दुकान आहे. मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या इथंच. स्वेटर भरायच्या आधी ते सरांना फोन करणारच.

"सर, लंबी बात नको. थंडी हां की ना?"

"कांतीभाई, किमान तापमान सरासरीपेक्षा थोडं जास्त राहण्याची शक्यता आहे."



"सर, एक बोला. ही शक्यता कोणत्या साइझमध्ये येते? मीडियम की एक्सएल?"

सरांनी फोन ठेवला आणि मग स्वतःच हसत सुटले!

* * *

सरांच्या घरीही तीच तऱ्हा. एकदा वहिनींनी डबा देता देता विचारलं, "आज मफलर लागी का?"

सर म्हणाले, "शक्यता आहे."

वहिनींनी मफलर त्यांच्या गळ्यात टाकला आणि करकचून गाठ मारली. "शक्यता डबामा ठेवा. मफलर गळामा ऱ्हाऊ द्या!"

त्या दिवशी ऊन असं तापलं की विचारू नका. सरांनी संध्याकाळपर्यंत मफलर काढला नाही. वहिनींच्या अंदाजाचा त्यांना जास्त धाक होता.

* * *

सगळेच किस्से हसण्यावारी जात नाहीत.

तापीकाठचे एक आप्पा आहेत, पपईचे मोठे बागायतदार. एका वर्षी अंदाज होता उबदार हिवाळ्याचा. आप्पांनी फळांना गोणपाट गुंडाळलं नाही की बागेत धूर केला नाही. हिवाळा सरासरीनं उबदारच गेला, पण मध्येच उत्तरेकडून गार वारं आलं आणि बाग एका रात्रीत करपली.

आप्पा ऑफिसात आले. पिशवीतून काळी पडलेली पपई काढून त्यांनी सरांच्या टेबलावर ठेवली. भांडण नाही, आवाज नाही.

सर समजावायला लागले, "आप्पा, अंदाज तीन महिन्यांच्या सरासरीचा असतो..."

"सर, तुन्ही सरासरी खरी शे," आप्पा म्हणाले. "पन पपईले मराले तीन महिना नही लागतस. एक रात बस होस."

आप्पा गेल्यावर सरांनी ती पपई बरेच दिवस टेबलावरून हलवू दिली नाही. वास यायला लागला तेव्हा रायसिंगनं ती बाहेर नेऊन पुरली. तेव्हापासून सर प्रत्येक बुलेटिनखाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहायला लागले: हा अंदाज एका रात्रीला लागू नाही.

* * *

आता रायसिंगबद्दल सांगते. हा पोरगा वर डोंगरातल्या तोरणमाळचा. अंदाजाचा रंगीत नकाशा आला की त्यात आपला अख्खा जिल्हा एकाच रंगाचा असतो. रायसिंगनं एकदा त्यावर बोट ठेवलं.

"सर, माझं गाव आणि हे ऑफिस एकाच बोटाखाली आलं. पण तिकडे सकाळी गवतावरचं दव गोठतं आणि इथं आपण पंखा लावून बसतो!"

आम्ही हसलो. तो हसला नाही, कारण वर त्याचे वडील एकटे होते. आई काही वर्षांपूर्वी गेली. शेताच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली तिला मातीआड ठेवलं. वडिलांची छाती थंडीत कफानं भरायची, खोकून खोकून जीव जायचा. आणि ते घरात बसायचे तर नाहीच. अंधार पडला की बांधावर शेकोटी पेटवून उघड्यावर बसायचे.

थंडीपुरतं तरी त्यांनी खाली आपल्या क्वार्टरवर यावं म्हणून रायसिंग दर वर्षी जिवाचं रान करायचा. "बाबा, साहेब म्हणतात यंदा थंडी कडक आहे," असं तो दर वर्षी सांगायचा. अंदाज काहीही असो! तरी म्हातारा काही डोंगर उतरायचा नाही.

* * *

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी रायसिंगला स्पष्टच सांगितलं की वडिलांना आणखी एक हिवाळा वर काढू देऊ नका. म्हातारा म्हणाला, "तुझ्या साहेबाला बोलू दे. त्याच्या तोंडून ऐकतो, मग ठरवतो."

नेमका त्या वर्षीचा अंदाज होता उबदार हिवाळ्याचा.

रायसिंग सरांसमोर हात जोडून उभा राहिला. "सर, एकदाच. कडक थंडी म्हणून सांगा. तुमचं ऐकून येतील ते."

सर उठले. बाहेर तापमापकाच्या पेटीपाशी जाऊन उगाच उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना. म्हणाले, "लाव फोन."

वडील रेंजसाठी तलावावरच्या टेकाडावर येऊन थांबले होते. फोन स्पीकरवर होता. वारा ऐकू येत होता आणि वाऱ्यात त्यांचा खोकला.

"सांग साहेब. यंदा थंडी कशी?"

सरांनी डोळे मिटले. "बाबा, थंडी कडक. नक्की. शंभर टक्के."

रायसिंगनं सुटकेचा श्वास सोडला. मी मान खाली घातली. 

"मग मी नाय येत, साहेब," म्हातारा म्हणाला. "येवढ्या थंडीत तिच्यापाशी शेकोटी कोण लावील? थंडी कमी असती तर आलो असतो."

 सरांनी फोन दोन्ही हातांत धरला.

"बाबा, ऐका... अंदाज आहे हा. चुकूही शकतो."

"चुकू दे, साहेब," म्हातारा म्हणाला. "लाकडं आणून ठेवलीत मी."